आधी आरोग्यमित्राला गाठा

घरात मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली, की आधी दागिने गहाण पडतात, मग रुग्ण अकोल्याला हलतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना यासाठीच आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. बुलडाण्यात यायला २०१३ चा नोव्हेंबर उजाडला. आता कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र रुग्णालय योजनेतील हवे आणि उपचारही यादीतला हवा. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन दाखल होतानाच तेथील आरोग्यमित्राला भेटा. तो नोंदणी करतो, मंजुरी रुग्णालय मागवते. पुष्कळजण आधी बिल भरतात आणि मग चौकशी करतात. फसगत होते ती इथेच, कारण भरलेले पैसे मागाहून देणारी ही योजना नव्हे. शंका असल्यास १५५३८८ वर फोन करावा.