रसायनाची बाराखडी (लेखांक ६) : शून्य कुठे, पायरी केवढी?

लेकराला ताप आला की घरात आकडा सांगितला जातो, ‘एकशे दोन आहे.’ त्याच संध्याकाळी बातम्यांत ऐकू येतं की चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर गेला. आणि अकरावीतली ताई टेबलाशी बसून २९८ केल्विनला होणाऱ्या अभिक्रियेचं गणित सोडवत असते. एकाच घरात, एकाच दिवशी तापमानाच्या तीन मोजपट्ट्या वापरल्या जातात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एका पट्टीवरचा आकडा दुसरीवर न्यायची वेळ आली, की मात्र गडबड उडते.

मागच्या लेखात आपण वस्तुमान आणि आकारमानाची एककं पाहिली. ग्रॅमचे किलोग्रॅम करायला हजाराने भागलं की काम झालं, कारण शून्य ग्रॅम म्हणजे शून्य किलोग्रॅमच. तापमानाचं तसं नाही. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे ३२ अंश फॅरनहाइट, आणि केल्विनमध्ये २७३.१५. इथे पट्टीच्या पायरीचा आकार बदलू शकतो आणि पट्टी सुरू होण्याची जागाही बदलू शकते. म्हणून सूत्र पाठ करण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या : या पट्टीचं शून्य कुठे आहे? आणि हिची एक पायरी केवढी आहे?

मराठी इतिहासाच्या वाचकाला हे प्रश्न नवे नाहीत. शिवराज्याभिषेक झाला शके १५९६ च्या ज्येष्ठात. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १६७४ मिळतं. दोन्ही कालगणनांचं वर्ष जवळपास सारखंच, फक्त मोजायला सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून. सेल्सिअस आणि केल्विन यांचं नातं नेमकं असं आहे. आता तीच घटना हिजरी सनात मांडायची झाली, तर नुसती वजाबाकी पुरत नाही. १६७४ मधून ६२२ वजा करावे लागतात, आणि हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून उरलेल्या आकड्याला ३३/३२ ने गुणावंही लागतं. तेव्हा कुठे १०८५ येतं. सेल्सिअस आणि फॅरनहाइटचं नातं या दुसऱ्या प्रकारचं आहे : शून्यही वेगळं आणि पायरीही वेगळी.

सूत्र यातूनच बाहेर पडतं. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंतचं अंतर सेल्सिअसमध्ये १०० पायऱ्यांचं आहे. फॅरनहाइटमध्ये तेच अंतर ३२ पासून २१२ पर्यंत, म्हणजे १८० पायऱ्यांचं. म्हणून सेल्सिअसची एक पायरी फॅरनहाइटच्या १.८ पायऱ्यांएवढी, अर्थात ९/५.

फॅ = (से × ९/५) + ३२
से = (फॅ − ३२) × ५/९
के = से + २७३.१५

दुसऱ्या सूत्रात ३२ आधी वजा होतात आणि मग गुणाकार होतो. हा क्रम उलटला की उत्तर चुकतं. क्रमाचं कारण लक्षात असेल तर तो उलटणार नाही : आधी दोन्ही पट्ट्यांची सुरुवात एका जागी, म्हणजे पाण्याच्या गोठणबिंदूवर आणायची आणि मगच पायऱ्यांचा आकार बदलायचा.

तोंडी हिशेबालाही एक सोपी वाट आहे. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करा, त्या दुपटीतून तिचाच दहावा भाग काढा, मग ३२ मिळवा. ३७ ची दुप्पट ७४, त्यातून ७.४ गेले की ६६.६, त्यात ३२ मिळवले की ९८.६. उलट जाताना ३२ वजा करा, निम्मे करा आणि त्या निम्म्यात त्याचाच नववा भाग मिळवा. १०४ मधून ३२ गेले, उरले ७२; निम्मे ३६; नववा भाग ४; उत्तर ४०. ही उत्तरं अंदाजी नाहीत, अगदी बरोबर आहेत. पडताळ्यासाठी एक आकडा कायमचा लक्षात ठेवा : उणे ४०. तिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही पट्ट्यांवर एकच आकडा येतो.

या शून्यांच्या जागा माणसांनी ठरवल्या. डॅनिएल फॅरनहाइटने १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आपली पट्टी मांडली. बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाचं तापमान त्याने शून्य धरलं, बर्फ आणि पाण्याचं ३२ आणि माणसाच्या शरीराचं ९६. स्वीडनमधल्या उप्सालाच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये शंभर पायऱ्यांची पट्टी मांडली. त्याच्या पट्टीवर पाणी उकळतं तिथे शून्य होतं आणि गोठतं तिथे १००. पुढे काही वर्षांतच ती उलटवली गेली. दोन्ही शून्यं सोयीसाठी निवडलेली. शून्याखालीही तापमान उरतं, म्हणून तिथे उणे आकडे लिहावे लागतात.

केल्विनचं शून्य निसर्गाने ठरवलेलं आहे. फ्रान्समध्ये जाक शार्ल आणि पुढे १८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांच्या प्रयोगांतून दिसलं, की दाब कायम ठेवला तर तापमानाच्या दर अंशाला सगळे वायू जवळपास सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. आजच्या मोजमापाने हे प्रमाण शून्य अंशाला असलेल्या आकारमानाच्या १/२७३.१५ इतकं आहे. आलेखावरची ही सरळ रेषा थंडीच्या दिशेने वाढवत नेली, तर उणे २७३.१५ अंशांवर आकारमान शून्य होईल. प्रत्यक्षात त्याआधीच वायूचा द्रव होतो. पण सगळ्या वायूंच्या रेषा त्याच एका जागेकडे बोट दाखवतात. १८४८ मध्ये विल्यम थॉमसन यांनी कोणत्याही विशिष्ट पदार्थावर अवलंबून नसलेली निरपेक्ष पट्टी मांडली. तेच पुढे लॉर्ड केल्विन झाले. १९६७ पासून या एककाला ‘अंश’ लावत नाहीत. नुसतं २९८ केल्विन म्हणायचं.

रसायनशास्त्राला ही पट्टी का लागते, ते एका उदाहरणात पाहू. एका सिरिंजमध्ये २० अंश सेल्सिअसला वायू कोंडला आहे, दट्ट्या सहज सरकतो. तापमान ४० अंशांवर नेलं. वायूची जागा दुप्पट होईल का? सेल्सिअसचा आकडा तर दुप्पट झाला. पण हीच तापमानं फॅरनहाइटमध्ये ६८ आणि १०४ आहेत, म्हणजे जेमतेम दीडपट. वायू तोच, उष्णता तीच. मग दुप्पट खरं की दीडपट? दोन्ही खोटं. केल्विनमध्ये तापमान २९३ वरून ३१३ वर गेलं, म्हणजे १.०७ पट, आणि दट्ट्याही तेवढाच सरकतो : वायूची जागा सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. जागा दुप्पट व्हायला ५८६ केल्विन, म्हणजे ३१३ अंश सेल्सिअस गाठावं लागेल. ‘इतक्या पट’ म्हणायचा हक्क फक्त खऱ्या शून्यापासून मोजणाऱ्या पट्टीला असतो. म्हणून वायूच्या नियमांत, समतोलाच्या आणि अभिक्रियेच्या वेगाच्या सूत्रांत तापमान केल्विनमध्येच घालायचं.

इतकं कळल्यावरही एक चूक वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकांत दिसते, आणि ती हुशार मुलांकडूनही होते. १०० ग्रॅम पाणी २५ वरून ३५ अंश सेल्सिअसवर न्यायला किती उष्णता लागेल? पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ ज्यूल प्रतिग्रॅम प्रतिअंश. तापमानातला फरक १० अंश. गुणाकार केला की ४,१८० ज्यूल. पण ‘केल्विनच करायचं’ हे डोक्यात पक्कं बसलेलं मूल त्या दहामध्ये २७३ मिळवतं, फरक २८३ धरतं आणि उत्तर लिहितं १,१८,२९४ ज्यूल. एवढ्या उष्णतेने ते पाणी उकळेल आणि वर त्यातल्या सुमारे ३८ ग्रॅमची वाफही होईल! मुलाने २५ चे २९८ आणि ३५ चे ३०८ करून वजाबाकी केली असती, तरी १० च आले असते. सुरुवातीची जागा दोन्हीकडे सारखीच सरकते आणि वजाबाकीत गळून जाते.

फॅरनहाइटमध्येही हेच. पृथ्वीची तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवायची, असं आपण वाचतो. हा फरक आहे, म्हणून त्याला फक्त १.८ ने गुणायचं : २.७ अंश फॅरनहाइट. त्यात ३२ मिळवले तर ३४.७ येतील आणि जगबुडीच होईल. म्हणून गणिताला हात घालण्यापूर्वी कागदावर एक शब्द लिहा : ‘बिंदू’ किंवा ‘फरक’. बिंदू असेल तर शून्य हलवायचं, फरक असेल तर फक्त पायरी बदलायची.

आता थोडं अचूकतेविषयी. माणसाच्या शरीराचं तापमान ९८.६ असतं, हे आपण दशांशासकट लहानपणापासून ऐकतो. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी १८६८ मध्ये आपल्या ग्रंथातून ३७ अंश सेल्सिअस हा आकडा रूढ केला. तो पूर्णांकातला होता. फॅरनहाइटमध्ये नेताना त्याला ‘.६’ चिकटलं आणि मोजमाप होतं त्याहून नेमकं वाटू लागलं. निरोगी माणसाचं तापमान दिवसभरात थोडं खालीवर होतच असतं. डॉक्टर १००.४ च्या वर ताप धरतात, तो आडनिडा आकडाही ३८ अंश सेल्सिअसच आहे. रूपांतराने मोजमाप अधिक अचूक होत नाही. तापमापीवर २५ एवढंच वाचता येत असेल, तर केल्विनमध्ये २९८ लिहा, २९८.१५ लिहिण्याचा आधार त्या तापमापीने दिलेला नाही.

या आठवड्याचा सराव :

१. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. केल्विनमध्ये किती, फॅरनहाइटमध्ये किती?

२. बऱ्याच लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. या दोन्ही मर्यादा फॅरनहाइटमध्ये लिहा. मग दोहोंमधला फरक दोन वाटांनी काढून ताळा जमतो का पाहा.

३. बंद डब्यातल्या वायूचं तापमान २७ अंश सेल्सिअस आहे. दाब दुप्पट व्हायला ते किती अंश सेल्सिअसवर न्यावं लागेल?

केल्विनमधलं उत्तर उणे आलं, तर कुठेतरी चुकलंय हे नक्की समजा आणि पुन्हा सुरुवातीपासून करा. तिसरा प्रश्न अडला तरी सोडू नका; पुढच्या आठवड्यात वायूंचे नियम शिकताना आपण त्याच डब्यापासून सुरुवात करणार आहोत.