काळ्या कापडाखाली

आमच्या दोंडाईच्यात फोटो काढायला जाणं हा पूर्वी एक समारंभ असे. डोक्याला तेल, अंगात इस्त्रीचे कपडे. स्टुडिओत तीन पायांवर एक लाकडी पेटी उभी असे. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घाली, बाहेर येई, भिंगाची टोपी काढी, ‘हलू नका’ म्हणे आणि टोपी परत लावी. झाला फोटो.

तसलाच एक कॅमेरा गेल्या वर्षी आमच्या घरी आला. माझा भाचा फोटोग्राफी शिकतो. बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या माळ्यावरून त्याने तो मागून आणला. मला म्हणाला, ‘‘मामू, मोबाइलवर दिवसाला दोनशे फोटो काढतो, पण संध्याकाळी त्यातला एकही आठवत नाही.’’ त्याचं बोलणं मला लागलं. मी त्याचा मदतनीस झालो. त्या मदतनिशीत जे कळलं ते आज सांगतो.

हा कॅमेरा कळायला अगदी सोपा. पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मध्ये हार्मोनियमसारखा भाता. भाता पुढेमागे केला की काचेवर चित्र स्पष्ट होतं. पण ते उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर, डावं उजवीकडे. बाहेरच्या उजेडात ते अंधुक वाटतं, म्हणून काळं कापड. असे कॅमेरे आपल्या देशातही बनत. केरळात अलप्पुळ्याला तयार होणारा सागवानी ‘वागीश्वरी’ कॅमेरा एके काळी नावाजलेला होता.

आमचा कॅमेरा हाफ प्लेटचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचा. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीपेक्षा हे क्षेत्रफळ सुमारे 23 पट मोठं. एवढ्या जागेत कापडाची वीणसुद्धा उमटते. पण या मापाची फिल्म आज सहज मिळत नाही, आणि नवशिक्याने महागडी फिल्म वाया का घालवावी? भाच्याने युक्ती केली. छपाईचा 5 बाय 7 इंचांचा फोटोपेपर आणून तो कापला आणि त्याचीच निगेटिव्ह केली. या कागदाला लाल उजेड बाधत नाही. त्यामुळे न्हाणीघरात लाल दिवा लावला की डोळ्यांदेखत काम करता येतं. होल्डर जुना, काचेच्या प्लेटसाठी केलेला. म्हणून कागदामागे तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा घालायचा.

पहिलं काम भात्याची तपासणी. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत दिवा लावला तर घड्यांवर चांदण्या दिसल्या. प्रत्येक चांदणी म्हणजे एक भोक. काळी पट्टी चिकटवून ती बुजवली.

मग क्रम पाठ करायचा. काचेवर चित्र बसवा. भिंगावर टोपी लावा. होल्डर घाला. होल्डरची झडप ओढा. टोपी काढा, मोजा, टोपी लावा. झडप परत घाला. पहिल्या दिवशी भाचा टोपी लावायलाच विसरला आणि झडप ओढली. कागद धुतला तर सगळा काळाकुट्ट.

दुसऱ्या खेपेस आम्ही मिरचीचा ढीग गाठला. दोंडाईचा म्हणजे मिरचीचा बाजार. मिरची लालभडक, आणि फोटोत मात्र कोळशासारखी काळी! जो लाल उजेड कागदाला बाधत नाही, तोच मिरचीवरून येतो. कागद तो पाहतच नाही. न्हाणीघरात जी सोय होती, ती बाजारात अडचण झाली.

भाचा हिरमुसला. तेव्हा मी त्याला मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. हा आपल्याच मुलखाचा माणूस म्हणायचा. त्याची कबर भुसावळला आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवून घेण्यात त्याने वर्षानुवर्षं घालवली. 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातली बहुतेक चित्रं जळून गेली. पण गिलने कॅमेराही हाती घेतला होता. अजिंठा-वेरूळचे त्याचे फोटो जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 साली पुस्तकात छापले गेले होते. ते राहिले. त्याचा कॅमेरा जोडचित्रांचा, आमच्यासारखा नव्हे. पण त्या काळच्या रूढ पद्धतीत काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि लगेच धुवावा लागे. तेही डोंगरात, उन्हात. आपल्याकडे निदान न्हाणीघर तरी आहे!

भाच्याला खरा फोटो काढायचा होता तो त्याच्या नानीचा, म्हणजे माझ्या अम्मीचा. आमच्या घरात फोटो काढून घेणं आवडत नसे. अब्बा गेले तेव्हा त्यांचा एकही फोटो नव्हता. आता त्यांचा चेहरा मला नीट आठवत नाही, हे मी अम्मीला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘एकदाच बसेन, बेटा.’’

ओट्यावर सावलीत खुर्ची मांडली. कागद फिल्मपेक्षा फार मंद, म्हणून आमच्या हिशेबाने दोन सेकंद टोपी उघडी ठेवायची होती. होल्डर आत गेला की काचेवर काही दिसत नाही. तेवढ्यात माणूस पुढेमागे झाला तर चित्र पुसट येतं. म्हणून कॅमेऱ्यापासून अम्मीच्या हनुवटीपर्यंत सुतळी ताणून अंतर पक्कं केलं आणि मग सुतळी काढली. होल्डरमध्ये दोन कागद. पहिल्याला ती हसली आणि हलली. दुसऱ्याला तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्थिर राहिली. मी मोजलं, ‘‘एक... दोन...’’

निगेटिव्ह वाळल्यावर ती कोऱ्या फोटोपेपरवर पालथी ठेवली, वर काच दाबली, क्षणभर दिवा लावला. कागद औषधात घातला आणि अम्मी हळूहळू वर आली. सुरकुत्या प्रत्यक्षापेक्षा गडद होत्या, हाही त्या लाल न पाहणाऱ्या कागदाचाच गुण. अम्मीने फोटो लांब धरून पाहिला. म्हणाली, ‘‘म्हातारी जास्त दिसते. पण हात माझेच आहेत.’’

या वाटेला जाणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. भिंग, भाता, औषधं हे सगळं महिन्याभरात येतं. पण टोपी काढण्याआधी ‘हा फोटो मी कशासाठी काढतोय’ हे ठरवावं लागतं, आणि हा कॅमेरा ते ठरवायला वेळ देतो. भाच्याने त्या दिवशी दोनच फोटो काढले. ते दोन्ही त्याला आठवतात. मलाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)