सर्व्हिस कोण बनवतं आणि ती किती वेळ टिकते?

एएसपी डॉट नेट कोअरमधली माझी सर्वांत आवडती सोय म्हणजे डिपेन्डन्सी इंजेक्शन. 2016 च्या पहिल्या आवृत्तीपासून ती फ्रेमवर्कमध्येच आहे, वेगळी लायब्ररी लागत नाही.

समजा, ऑर्डर कंट्रोलरला ईमेल पाठवायचा आहे. तो ‘न्यू’ लिहून ईमेलची सर्व्हिस स्वतः बनवत नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त ‘आय-ईमेल-सेंडर’ हा इंटरफेस मागतो. हा इंटरफेस मागितला की कोणता क्लास द्यायचा, हे आपण ‘प्रोग्रॅम डॉट सीएस’मध्ये फ्रेमवर्कच्या कंटेनरला एकदाच सांगून ठेवलेलं असतं. रिक्वेस्ट आली की कंटेनर कन्स्ट्रक्टर बघतो, त्या क्लासला पुढे आणखी काय लागतं तेही शोधतो आणि सगळी साखळी जोडून देतो. टेस्टमध्ये त्याच जागी खोटा सेंडर दिला की झालं, खरा ईमेल कुणालाच जात नाही.

पण खरं लक्ष द्यायचं ते सर्व्हिसच्या आयुष्याकडे. ट्रान्झियंट दर मागणीला नवी, सिंगलटन ॲप चालू असेपर्यंत एकच, स्कोप्ड एका रिक्वेस्टपुरती. एंटिटी फ्रेमवर्कचा डीबी-कॉन्टेक्स्ट मुळात स्कोप्ड असतो. तो सिंगलटनमध्ये मागितला तर तिथेच अडकतो आणि एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट तो वापरू लागतात, जे त्याला झेपत नाही. डेव्हलपमेंटमध्ये फ्रेमवर्क लगेच एरर देतं. प्रॉडक्शनमध्ये मात्र ही तपासणी आपण चालू केल्याशिवाय होत नाही.

बॅकग्राउंड सर्व्हिसही सिंगलटनच असते. त्यामुळे तिला डेटाबेस हवा असेल, तर ‘आय-सर्व्हिस-स्कोप-फॅक्टरी’ मागून घ्या आणि कामापुरताच स्कोप उघडा.