उमरावांचे प्रेम आणि तळघरातली माणसे

इंग्रज उमरावांच्या प्रेमाराधनाच्या कादंबऱ्यांना साहित्य म्हणायचे की नाही, हा प्रश्न आपल्या समीक्षकांनी केव्हाच निकालात काढला आहे. रद्दीच्या दुकानात मिळणारी ही पुस्तके. त्यांची दखल ती काय घ्यायची! परंतु आपल्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकणाऱ्या मुलामुलींच्या मनात जे इंग्लंड असते, ते इतिहासाच्या क्रमिक पुस्तकातून आलेले नसते. ते जॉर्जेट हेयरच्या, बार्बारा कार्टलंडच्या, मिल्स अँड बूनच्या पुस्तकांतून आलेले असते, आणि २०२० च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सवर 'ब्रिजर्टन' सुरू झाल्यापासून पडद्यावरूनही येते. कार्टलंडबाईंनी एकट्यानेच सातशेहून अधिक पुस्तके लिहिली. एवढे वाचले जाणारे वाङ्मय निरुपद्रवी आहे असे समजणे भाबडेपणाचे होईल. कोणी कोणावर प्रेम करावे आणि कोणाशी लग्न करावे, या प्रश्नाचे उत्तर ते पानोपानी देत असते. आपल्या समाजात या एका प्रश्नावरून माणसे मारली जातात. तेव्हा परिवर्तनाच्या चळवळीतल्या माणसाने तरी हे वाङ्मय उघडून पाहिले पाहिजे.

या कादंबऱ्यांचा आवडता काळ म्हणजे १८११ ते १८२०. राजा तिसरा जॉर्ज वेडा झाला म्हणून युवराज राजप्रतिनिधी या नात्याने कारभार पाहत होता. त्यावरून या काळाला 'रीजन्सी' म्हणतात. याच नऊ वर्षांत यंत्रे फोडणाऱ्या विणकाम कामगारांसाठी १८१२ साली फाशीचा कायदा झाला. १८१५ साली जमीनदारांच्या हितासाठी परदेशी धान्यावर बंधने घालून भाकरी महाग केली गेली. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरला सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागायला जमलेल्या निःशस्त्र स्त्रीपुरुषांवर घोडदळ घातले गेले. कादंबरीत यांपैकी काही शोधू जाल तर हाती लागतील बग्ग्या, हातमोजे, नृत्यशाळा आणि ड्यूक. खरे ड्यूक त्या काळी साऱ्या ब्रिटनमध्ये तिसाच्या आतबाहेर होते, आणि त्यांतले कितीतरी म्हातारे, संधिवाताने जखडलेले, विवाहित. कादंबऱ्यांतले तरणेबांड अविवाहित ड्यूक मोजले तर त्यांची एक पलटण उभी राहील.

या झगमगाटाखाली प्रत्यक्ष व्यवहार काय होता? तो लग्नाचा बाजार होता, आणि इंग्रज लोक स्वतःही त्याला बाजारच म्हणत. मिळकत थोरल्या मुलाकडे जायची. धाकट्यांनी लष्करात, चर्चमध्ये किंवा हिंदुस्थानात नशीब काढायचे आणि मुलींनी नवरा मिळवायचा. वकील करारनामा लिहीत: मुलगी बरोबर किती आणणार, तिला हातखर्चाला वर्षाला किती मिळणार, विधवा झाली तर पोटगी किती. एकदा लग्न झाले की कायद्याच्या दृष्टीने बायको ही वेगळी व्यक्ती उरतच नसे. तिचे पैसे नवऱ्याचे, तिची मजुरी नवऱ्याची, मुलेही नवऱ्याची. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता ठेवण्याचा हक्क १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी आला. १८५७ पूर्वी पुनर्विवाहाची मुभा देणारा पुरता घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा मंजूर करून आणावा लागे. म्हणजे तो गरिबासाठी नव्हताच.

वारस पोरापोरींनी गुपचूप लग्ने लावून मिळकती भलत्याच्या हाती घालू नयेत, म्हणून लॉर्ड हार्डविकने १७५३ साली विवाहाचा कायदा करून घेतला. एकवीस वर्षांखालच्यांना परवान्याने लग्न करायचे तर आईबापांची संमती हवी. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. म्हणून प्रेमी जोडपी रातोरात बग्गी हाकीत सरहद्दीवरच्या ग्रेटना ग्रीन या खेड्याकडे पळत. कादंबरीकारांनी या पळापळीचे अमाप पीक काढले. पण तो पाठलाग मुलीच्या अब्रूइतकाच तिच्या नावावरच्या पौंडांसाठीही असे, हे वाचकाला सहसा कोणी सांगत नाही.

लंडनमध्ये किंग स्ट्रीटवर १७६५ साली उघडलेली 'अलमॅक्स' नावाची नृत्यशाळा होती. हंगामात दर बुधवारी रात्री तेथे नाच होई. प्रवेश कोणाला द्यायचा हे सहासात उमराव स्त्रियांचे मंडळ ठरवी. तिथले खाणे म्हणजे पातळ पाव-लोणी आणि लिंबूपाणी. पण तिथला परवाना मिळावा म्हणून कुटुंबे जिवाचे रान करीत. पैसा असून भागत नसे. व्यापाऱ्याच्या श्रीमंत मुलीला दारातूनच परत जावे लागे. जातपंचायत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पिंपळाचा पार येतो. ही मेणबत्त्यांच्या झुंबरांखालची जातपंचायत होती.

या वाङ्मयाची आद्य माता म्हणून जेन ऑस्टेनचे नाव घेतले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. ऑस्टेन पौंड मोजते. १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये डार्सीचे उत्पन्न वर्षाला दहा हजार, बेनेट कुटुंबाचे दोन हजार, आणि बापाच्या मागे घरदार दूरच्या पुरुष वारसाकडे जाणार म्हणून पाच मुली टांगणीला लागलेल्या. हे सारे ती पहिल्या काही प्रकरणांतच वाचकाच्या हातावर ठेवते. तिच्या प्रेमकथेला जमाखर्चाची वही जोडलेली आहे. मागाहून आलेल्यांनी ती वही फाडून टाकली आणि प्रेम तेवढे ठेवले. जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) हिने त्या काळचे पोशाख, घोडे, बोलीतले शब्द यांचा कसून अभ्यास केला. १९३५ च्या 'रीजन्सी बक'पासून तर तिने या प्रकाराचा साचाच पाडला. पण हा उमराव इतका निवांत बसून तपकीर ओढतो, त्याच्या तपकिरीचे पैसे येतात कुठून, हा प्रश्न तिच्या बहुतेक पुस्तकांत कोणी विचारीत नाही.

ते कुठून येत, ते पाहू. ऑस्टेनच्या १८१४ च्या 'मॅन्सफील्ड पार्क'मधल्या सर थॉमसची मिळकत वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावर आहे. म्हणजे उसाच्या मळ्यांत गुलामांच्या घामावर. नायिका गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते तेव्हा घरात शांतता पसरते. १८३३ साली पार्लमेंटने गुलामगिरी रद्द केली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, आणि ती गुलामांना नव्हे, मालकांना दिली. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ साली केली.

दुसरे उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे. आर्थर वेलस्ली हा आयर्लंडमधल्या एका उमराव घराण्यातला धाकटा मुलगा. त्याने किटी पाकनहॅम या मुलीला मागणी घातली. हातात पैसा नाही, पुढे काही आशा नाही, म्हणून तिच्या घरच्यांनी ती फेटाळली. पुढे तो हिंदुस्थानात आला. म्हैसूरच्या टिपूविरुद्धच्या युद्धात होता. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, डिसेंबरात गाविलगड घेतला. लुटीची वाटणी हुद्द्याप्रमाणे होई: सेनापतीचा वाटा डोंगराएवढा आणि शिपायाचा चिमूटभर. १८०५ साली चाळीस हजार पौंडांच्या वर माया गाठीशी बांधून तो परतला आणि १८०६ च्या एप्रिलमध्ये त्याच किटीशी त्याचे लग्न झाले. नकार देणाऱ्या घराने आता आनंदाने होकार दिला. हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, या कादंबऱ्यांच्या जगातला सर्वांत मोठा वीर. प्रियकर नाकारला जातो, परदेशी जातो, धनवान होऊन परततो: ऑस्टेनच्या 'पर्स्वेजन'मध्ये हेच कथानक आहे, तिथला कॅप्टन वेंटवर्थ आरमारातून पंचवीस हजार पौंड मिळवून आठ वर्षांनी येतो. वाचक गहिवरतो. असईच्या रानात पडलेल्यांच्या बायकांचे काय झाले, यावर कादंबरी निघाली नाही. वेलिंग्टनचा संसारही सुखाचा झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता जन्माचा प्रश्न. हेयरची १९२६ ची 'दीज ओल्ड शेड्स' ही अतिशय लोकप्रिय कादंबरी. ड्यूक ऑफ एव्हन पॅरिसच्या गल्लीत एक दरिद्री पोर विकत घेतो. ते पोर मुलगा नसून मुलीने घेतलेले मुलाचे सोंग असते, आणि ती मुलगी, लिओनी, खेड्यातली नसून एका काउंटची कन्या निघते. काउंटला वारस म्हणून मुलगा हवा होता, म्हणून जन्मताच तिची एका शेतकऱ्याच्या मुलाशी अदलाबदल झालेली. लिओनी हलाखीत वाढूनही तिचे डौलदार चालणे, तिचा ताठा, तिचे नाक, सारे उमरावाचे. आणि राजवाड्यात वाढलेला, गुरूंकडून शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा? तो बेढब आणि मंद. त्याला शेती करायची ओढ! रक्त बोलते, म्हणे. हे वाचताना आपल्याला ओळखीचे वाटले नाही तरच नवल. गुणकर्म जन्माने ठरतात हेच आपल्यालाही हजारो वर्षे सांगितले गेले; इथे ते चांगल्या विनोदी इंग्रजीत सांगितले आहे, एवढेच. आणि हा प्रकार १९२६ साली संपलेला नाही. ज्यूलिया क्विनच्या ब्रिजर्टन मालिकेतल्या २००१ च्या 'अॅन ऑफर फ्रॉम अ जंटलमन'मध्ये नायक मोलकरणीवर प्रेम करतो. मोठी क्रांती! पण ती मोलकरीणही एका अर्लची अनौरस मुलगीच निघते. पंचाहत्तर वर्षांत एवढीच प्रगती, की आता औरसपणाची अट सुटली. पडद्यावरच्या 'ब्रिजर्टन'ने उमरावांत काळ्या माणसांना बसवले. ही चांगली गोष्ट आहे. मात्र चहाचे तबक घेऊन कोणीतरी उभेच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातिअंतर्गत विवाहात आहे असे दाखवून दिले. वर्ग स्वतःभोवती दार लावून घेतो तेव्हा त्याची जात होते, आणि ते दार लग्नाचे असते. या कादंबऱ्या वाचताना हे सूत्र हाताशी ठेवावे. अलमॅक्स, हार्डविकचा कायदा, करारनामा ही सारी दार लावून घेण्याचीच साधने आहेत. पण इंग्लंड आणि आपण यांत भेद आहे, तोही विसरू नये. इंग्रजांच्या दाराला किंमत होती. हेयरच्याच १९६१ च्या 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट'मध्ये कर्जबाजारी तरुण व्हायकाउंट आपले प्रेम बाजूला सारून लंडनमधल्या गबर व्यापाऱ्याच्या साध्यासुध्या मुलीशी, जेनीशी, लग्न करतो. सासरा पैसा ओततो. जावई त्याच्या बोलण्याचालण्याने शरमतो. आणि प्रेम हळूहळू संसारातून उगवते. हेयरचे मला सर्वांत प्रामाणिक वाटणारे पुस्तक हेच. यात वही पुन्हा जागेवर आली आहे. आपल्याकडे मात्र महाराच्या किंवा मांगाच्या मुलाने कितीही पैसा मिळवला तरी दाराची किंमत त्याला कोणी सांगत नाही, कारण ते दार विक्रीलाच नाही.

मग आमच्या मुली ही पुस्तके का वाचतात? त्यांना हसणे सोपे आहे. मी वर्गात पाहतो की त्यांना ड्यूकशी फारसे कर्तव्य नसते. त्यांना भावते ते नायिकेला विचारले जाणे. एलिझाबेथ बेनेटपुढे दहा हजारांचा धनी उभा राहतो आणि ती नाही म्हणते. त्या नकाराने जग कोसळत नाही, उलट तो सुधारून पुन्हा येतो. ज्या घरात मुलीला पसंती विचारीत नाहीत, तिथे हा प्रसंग दहादा वाचला गेला तर त्यात चूक काय? हा नकाराचा हक्क या वाङ्मयातले खरे सोने आहे, आणि ते आपण घ्यावे. फक्त तो हक्क कोणाला होता, हे पाहावे.

ज्या घरात मालकिणीच्या मुलीचे प्रेमाराधन चाले, त्याच घरातल्या मोलकरणीला प्रियकर ठेवायला मनाई असे. नोकरीच्या अटींतच ते असे: भेटायला येणारा तरुण चालणार नाही. सापडली तर हकालपट्टी, आणि शिफारसपत्र नाही म्हणजे दुसरी नोकरी नाही. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये आपले मूल ठेवून घ्यावे म्हणून अर्ज करणाऱ्या स्त्रियांत घरकाम करणाऱ्यांचा भरणा मोठा होता. नोकरांची नावेही पुष्कळ घरांत मालकाच्या सोयीची असत. कोणीही आला तरी त्याने जॉन किंवा जेम्स व्हायचे.

ससेक्समध्ये अपपार्क नावाचा वाडा आहे. नोकरचाकर मालकांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून तिथे जमिनीखालून भुयारे काढली आहेत. स्वयंपाकघरातले अन्नही त्यांतूनच आत जाई. या वाड्याचा मालक सर हॅरी फेदरस्टनहॉ याने १८२५ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, आपल्याच गोठ्यात दूधदुभते पाहणाऱ्या मेरी अॅन बुलक या विशीतल्या मुलीशी लग्न केले. मोलकरीण खरोखर वाड्याची मालकीण झाली, तीही कोणा अर्लची मुलगी न निघता! पण आधी तिला रीतभात शिकायला पॅरिसला पाठवले गेले, आणि नवरा आजोबाच्या वयाचा. तिच्यामागे वाडा तिच्या बहिणीकडे, फ्रान्सिसकडे गेला. तिनेही फेदरस्टनहॉ हे नाव लावले.

या फ्रान्सिसकडे १८८० साली सारा वेल्स नावाची बाई घरव्यवस्थापिका म्हणून राहिली. तिचा मुलगा सुटीत तळघरातल्या आईच्या खोलीत येई आणि वाड्यातली पुस्तके वाचत बसे. तो एच. जी. वेल्स. त्याच्या १९०९ च्या 'टोनो-बंगे'मध्ये हाच वाडा 'ब्लेड्सओव्हर' या नावाने येतो. व्यवस्थापिकेचा मुलगा जॉर्ज तिथे उमराव घराण्यातल्या बिआट्रिसवर बालवयात प्रेम करतो. तिच्या सावत्र भावाशी त्याची मारामारी होते. चौकशीच्या वेळी ती जॉर्जच्या बाजूने उभी राहत नाही, आणि त्याला वाड्याबाहेर घालवले जाते. पुष्कळ वर्षांनी दोघे भेटतात, एकमेकांवर प्रेम करतात. तो लग्नाचे विचारतो. ती नाही म्हणते.