मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयातील दिव्यांगांसाठीच्या सेवा

न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट या कलासंग्रहालयात दृष्टिबाधित, कर्णबधिर, चालण्यास अडचण असलेल्या, तसेच बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या प्रेक्षकांसाठी ज्या सोयी आणि उपक्रम चालविले जातात, त्यांना एकत्रितपणे सुगम्यता सेवा म्हटले जाते. १८७० मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय 'द मेट' या नावाने ओळखले जाते. त्याच्या संग्रहात सुमारे पाच हजार वर्षांच्या कालखंडातील कलावस्तू आहेत.

कलासंग्रहालय ही संस्था मुळात पाहणाऱ्यांसाठी आणि उभ्याने हिंडू शकणाऱ्यांसाठी घडत गेली. काचेआड ठेवलेली वस्तू, तिच्याशेजारची बारीक अक्षरांतील पाटी आणि 'हात लावू नये' ही सूचना यांवर तिची सारी मांडणी उभी आहे. इमारतीत प्रवेश मिळाला तरी कलाकृती प्रेक्षकापर्यंत पोहोचतेच असे नाही. मेटमधील सेवांचे स्वरूप या अडचणीतून समजून घ्यावे लागते.

== इतिहास ==
चालू न शकणाऱ्या प्रेक्षकांसाठी मेटने १९०८ मध्येच चाकांची खुर्ची उपलब्ध केली होती. १९१३ मध्ये सार्वजनिक शाळांतील अंध मुलांसाठी तेथे व्याख्याने झाली. त्या काळी अशा उपक्रमांमागे परोपकाराची भावना होती. त्यांचा आग्रह धरण्याचा अधिकार प्रेक्षकाला नव्हता. ही स्थिती कायद्याने बदलली. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ ने मनाई केली. पुढे १९९० च्या अमेरिकन अपंग व्यक्ती कायद्याने सार्वजनिक वापराच्या ठिकाणांच्या यादीत ग्रंथालयांबरोबर संग्रहालयांचाही स्पष्ट उल्लेख केला.

== प्रवेश आणि वावर ==
फिफ्थ ॲव्हेन्यूवरील मुख्य दरवाजापुढच्या रुंद पायऱ्या ही मेटची ओळखच झाली आहे. लोक तेथे भेटतात, ऊन खात बसतात. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यास मात्र ८१ व्या रस्त्याजवळचे जमिनीलगतचे प्रवेशद्वार वापरावे लागते. तेथून आत गेल्यावर उद्वाहनाने वर जाता येते. सोय पुरेशी असली तरी पायऱ्या चढून भव्य प्रवेशदालनात शिरण्याचा पहिला अनुभव या प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही, हेही नोंदविले पाहिजे. संग्रहालयात चाकांच्या खुर्च्या विनामूल्य मिळतात, पण त्या आधी येणाऱ्यास आधी या तत्त्वावर. दिव्यांग प्रेक्षकाबरोबर आलेल्या एका मदतनीस व्यक्तीस प्रवेशशुल्क पडत नाही. मदतनीस श्वानांनाही प्रवेश आहे.

== शब्दचित्र आणि स्पर्श ==
दृष्टिबाधित प्रेक्षकांसाठी प्रशिक्षित मार्गदर्शक कलाकृतीचे शब्दांतून चित्र उभे करतो. हे वर्णन रसग्रहणाहून वेगळे असते. संग्रहालयातील व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे 'सायप्रस वृक्षांसह गव्हाचे शेत' हे १८८९ चे तैलचित्र उदाहरणादाखल घेता येईल. प्रथम आकार सांगावा लागतो: उंची सुमारे ७३ सेंटीमीटर, रुंदी सुमारे ९३. मग एकूण रचना: खाली पिवळे शेत, मागे निळसर डोंगर, वर ढगांनी भरलेले आकाश. मग जागा: उजवीकडे गडद हिरवा उंच सायप्रस, त्याला लागून एक ठेंगणा. त्यानंतर रेषांची गती येते, कारण या चित्रात शेत, झुडपे आणि ढग सारेच वळणावळणाने हलताना भासतात. रंगाचा थर इतका जाड आहे की कुंचल्याचे फटकारे उंचवट्यासारखे दिसतात. 'सुंदर', 'भव्य' अशी विशेषणे येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. ऐकणाऱ्यास स्वतःचे मत बनविता यावे एवढी सामग्री द्यावी लागते. जन्मतः अंध असलेल्या श्रोत्यास रंगांची नावे सांगण्यात अर्थ आहे का, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. तथापि रंगांशी जोडलेले भाषेतील संकेत त्याच्याही परिचयाचे असतात आणि चित्राविषयीच्या संभाषणात भाग घ्यायचा तर ती माहिती त्याला हवीच असते.

स्पर्शाची गोष्ट निराळी. डोळा आधी संपूर्ण आकृती टिपतो आणि मग तपशिलाकडे वळतो. बोटांना मात्र एकेक भाग चाचपून मनात संपूर्ण आकृती जुळवावी लागते. यास वेळ लागतो, म्हणून स्पर्शफेरीत थोड्याच वस्तू घेतात. मेटमध्ये इजिप्ती दालनांतील निवडक वस्तूंना पूर्वनियोजित भेटीत हात लावता येतो. शिवाय स्पर्शासाठी वेगळा संच आहे. निवड करताना जतनाचा विचार निर्णायक ठरतो. त्वचेवरील तेल, घाम आणि क्षार यांमुळे धातूवर डाग पडतात. घट्ट कठीण दगड स्पर्श बराच सोसतो, पण पपायरस किंवा वस्त्र सोसत नाही. हातमोजे घातले तर वस्तू सुरक्षित राहते, मात्र दगडाचा गारवा आणि त्याचा पोत बोटांना कळत नाही.

दृष्टिबाधित प्रौढांसाठी चित्रकलेचा वर्गही घेतला जातो. वर्णन ऐकून आणि स्पर्श करून तेथील विद्यार्थी स्वतः रेखाटने करतात.

== सांकेतिक भाषा आणि श्रवण ==
कर्णबधिरांसाठी अमेरिकन सांकेतिक भाषेतून फेऱ्या होतात. माहितीपाट्या लिहिलेल्या असताना याची गरज काय, असे वाटू शकेल. अमेरिकन सांकेतिक भाषा ही इंग्रजीचे हातवाऱ्यांनी केलेले रूपांतर नसून स्वतःचे व्याकरण असलेली भाषा आहे, जशी भारतीय सांकेतिक भाषा हे मराठीचे किंवा हिंदीचे रूपांतर नव्हे. अनेक कर्णबधिरांची ती प्रथम भाषा असते आणि लिखित इंग्रजी त्यांना दुसरी भाषा म्हणून शिकावी लागते. कमी ऐकू येणाऱ्यांना ध्वनिवर्धक साधने पुरविली जातात.

== इतर उपक्रम ==
बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्यांसाठी त्यांच्या कुटुंबीयांसह कार्यशाळा होतात. गोंगाट आणि गर्दी असह्य होणाऱ्यांसाठी शांत जागा दाखविणारा नकाशा आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींसाठीच्या फेऱ्यांत त्यांचा सांभाळ करणारेही सहभागी असतात. चित्रासमोर बसून जे दिसते त्याविषयी बोलायचे असते. नावे वा तारखा आठवण्याची सक्ती नसते. न्यूयॉर्कमधीलच आधुनिक कलेच्या संग्रहालयात असा उपक्रम २००६ मध्ये सुरू झाला होता.

== मर्यादा ==
दृष्टिबाधितांसाठीची मार्गदर्शित फेरी आगाऊ ठरवावी लागते. पाहणारा प्रेक्षक मनात येईल तेव्हा आत शिरतो, आवडेल त्या दालनात रेंगाळतो. दृष्टिबाधिताची भेट दिवस, वेळ आणि वस्तूंची निवड यांनी बांधलेली असते. त्यातही निवड बहुधा दुसऱ्याने केलेली. निवडक कलाकृतींची शब्दवर्णने ध्वनिमुद्रित रूपात उपलब्ध आहेत, परंतु संग्रहाच्या आकारमानापुढे त्यांची संख्या अल्प आहे.