नेपाळी ताटातील उडीद

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील शिंदखेड्याच्या ज्या वाचकाची नेपाळी खानावळीविषयीची कल्पना मोमोपाशीच संपते, त्याने परगावी संधी मिळताच ‘थकाली’ ताट अवश्य मागवावे. तिबेटचे मीठ दक्षिणेकडील धान्याशी बदलणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी काली गंडकीच्या खोऱ्यात ज्यांनी मुक्कामाच्या भट्ट्या चालविल्या, त्या थकाली लोकांच्या पाककौशल्याचे ते फलित होय. भाताशेजारी असते ती लोखंडी भांड्यात शिजवून काळवंडलेली उडदाची डाळ. कळण्याच्या भाकरीवर पोसलेल्या खानदेशी जिभेस ती परकी वाटू नये, मात्र तिला तुपात तळलेल्या ‘जिंबू’ नामक रानकांद्याच्या सुक्या पातीची फोडणी असल्याने दरवळ निराळाच. मोहरी-मुळ्याचा पाला कोमेजवून, दाबून, आंबवून उन्हात वाळविला की गुंद्रुक होतो. तो आंबट असतो आणि, आमच्या मते, ताटाचा खरा मानकरी तोच. ढिंडो, म्हणजे उकळत्या पाण्यात घाटलेले कुट्टूचे वा नाचणीचे पीठ, चावू नये. बोटांनी तोडून, डाळीत बुडवून गिळावे.

अशी खानावळ आपल्याकडे चालविण्यास लागणारी वास्तव्याची, मालमत्तेची व व्यापाराची मोकळीक नेपाळी माणसास हिंदुस्थानात आहे ती ३१ जुलै १९५० च्या भारत–नेपाळ तहाच्या सातव्या कलमान्वये. तीच सवलत नेपाळात भारतीयांसही त्या दस्तऐवजाने देऊ केली आहे.