विहिरीतला गोळीबार (लेखांक ९)

या आठवड्यात रिगवरची चाचणीची ज्योत पेटवायची होती. ती पुढे ढकलतो, कारण कामठीच्या एका वाचकाने अडवलं आहे. ते विचारतात, ‘केसिंग उतरवलं, मागे सिमेंट भरलं, मग वालुकाश्मातलं तेल आत येणार कुठून?’

रास्त शंका आहे. एवढी खोल खणलेली विहीर केसिंगच्या पोलादी नळ्यांनी आणि सिमेंटने आपणच बंद करून बसलेलो असतो. आता हवी त्या खोलीवर तिला भोकं पाडायची, म्हणजे परफोरेशन. त्यासाठी ‘गन’ उतरवतात. गन म्हणजे लांब पोलादी नळी. तिच्यात स्फोटकाचे छोटे चार्ज बसवलेले असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी धातूचा, बहुधा तांब्याचा, पोकळ शंकू असतो. स्फोट झाला की शंकू आत कोसळतो आणि त्याचा धातू पिचकारीसारखा सुटतो. वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर! पोलाद, सिमेंट भेदून तो खडकात घुसतो.

यामागची युक्ती जुनी. स्फोटकाच्या ठोकळ्यावर कोरलेली अक्षरं पोलादी पत्र्यावर उमटतात, हे चार्ल्स मन्रो या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला १८८८ साली दिसलं. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे फोडणारा बझूका त्याच तत्त्वावर चालला आणि युद्ध संपल्यावर ही विद्या तेलविहिरीत उतरली.

आपल्याकडच्या स्फोटकांच्या परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे. काकीनाड्यासमोरच्या समुद्रात गन उडते, तिचे नियम सांभाळणारं खातं नागपुरात! रिगवरही शिस्त कडक. साधा विजेवरचा डिटोनेटर असेल तर गन जोडताना रेडिओ बंद ठेवतात, कारण भटक्या विद्युतप्रवाहाने ती डेकवरच उडू शकते.

मला स्वतःला भोकाच्या लांबीपेक्षा त्याच्या स्वच्छतेची काळजी जास्त वाटते. स्फोटाने भोकाभोवतीचे वाळूचे कण चिरडतात आणि त्यांची भुकटी तेलाची वाट अडवते. मुंबई हायचं मुख्य तेल चुनखडकात आहे. तिथे आम्ल सोडलं की खडक विरघळतो, वाटा मोकळ्या होतात. वालुकाश्मातल्या गारेच्या कणांवर त्या आम्लाचा काही परिणाम होत नाही. म्हणून गन उडवण्याआधी विहिरीतला दाब खडकातल्या दाबापेक्षा मुद्दाम कमी ठेवतात. भोक पडताच तेल किंवा वायू जोराने आत येतो आणि भुकटी बाहेर लोटतो. दाब फारच कमी ठेवला, तर मात्र ठिसूळ वालुकाश्मातून तेलाऐवजी वाळूच येते.

कामठीकरांनी पुढे असंही विचारलंय की आपल्या कामठी वालुकाश्मात तेल का नाही. त्याच्याखालच्या थरांत कोळसा आहे, तेलाचा उगम-खडक नाही. त्याबद्दल पुढे कधीतरी सविस्तर.

एखादी शोधविहीर चाचणीत कोरडी ठरली की लोक लगेच खडकाला नावं ठेवतात. मी आधी गनचा अहवाल मागतो. भोकंच बुजलेली असतील तर त्या वालुकाश्माची परीक्षा झालेलीच नाही. ज्योत पुढच्या आठवड्यात, नक्की.